मोटारीचा विमा : किती आणि कोणता?

मोटारीचा विमा हा विषय खेड्यातल्या श्रोत्यांपुढे कशाला, असे कोणाला वाटेल. एके काळी ते खरेही होते. गावात मोटार म्हणजे डॉक्टरांची, नाहीतर साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची, बाकीच्यांनी एस. टी.ची वाट पाहावयाची. आता तसे राहिलेले नाही. मी नवी मुंबईत राहतो आणि तेथेच शिकवतो. वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी म्हणून आलेल्या सातारा-सांगलीकडच्या मंडळींची पुढची पिढी येथे नोकरीधंद्यात स्थिरावली आहे. गणपतीला, शिमग्याला, गावच्या जत्रेला त्यांची गाडी सायन-पनवेल रस्त्याने गावाकडे निघते. आणि शहरात सात-आठ वर्षे वापरलेली तीच गाडी पुढे गावाकडचाच कोणी भाऊबंद विकत घेतो. गाडीबरोबर किल्ली येते, आरसी बुक येते, स्टेपनी येते, आणि विम्याचा एक कागद येतो. तो कागद बहुधा कोणी वाचलेला नसतो.

विमा म्हणजे पोलिसाने अडवल्यावर दाखवण्याची चिठ्ठी, अशी समजूत फार पसरली आहे. मग साहजिकच जी चिठ्ठी सर्वांत स्वस्त, ती चांगली ठरते. ही समजूत किती महागात पडते ते आज थोडे हिशेब करून पाहू या. हिशेब सातवी-आठवीच्या गणिताच्या पलीकडचे नाहीत. गुरुजी मंडळींनी फळ्यावर मांडले तरी चालतील.

आधी कायदा. तिऱ्हाइताचा विमा आपल्याकडे सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातले ते प्रकरण त्या दिवशी अमलात आले. आज १९८८ चा कायदा लागू आहे, आणि त्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे विम्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. पहिल्या खेपेस सापडल्यास २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. पण दंड ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत लहान रक्कम आहे.

तिऱ्हाईत कोण? विमा हा करार आहे. एका बाजूला गाडीचा मालक, दुसऱ्या बाजूला कंपनी. या दोघांखेरीज ज्याला गाडीचा धक्का लागला तो तिसरा, म्हणून थर्ड पार्टी. त्याचे नुकसान भरून देण्यापुरताच जो विमा, त्याला लोक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. त्यात आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मिळवला की झाला ‘फुल विमा’. कोणी त्याला फर्स्ट पार्टी म्हणतात. एवढा फरक बहुतेकांना ठाऊक असतो. पण या दोहोंत आणखी एक फरक आहे. तो फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. त्याकडे मी लवकरच वळणार आहे.

समजा, आपल्या गाडीखाली एक तीस वर्षांचा माणूस सापडून दगावला. स्वतःचा लहानसा धंदा, महिन्याची कमाई २०,००० रुपये, मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. मोटार अपघात दावे न्यायाधिकरण भरपाई कशी ठरवते? सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांत त्याची रीत घालून दिली आहे. वर्षाची कमाई २,४०,०००. माणूस चाळिशीच्या आतला, पुढे कमाई वाढलीच असती, म्हणून तीत ४० टक्के मिळवावयाचे : ३,३६,०००. त्याच्यावर अवलंबून चौघे, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एकचतुर्थांश धरून तो वजा करावयाचा : राहिले २,५२,०००. आता वयाप्रमाणे ठरलेला गुणक; तिसाव्या वर्षी तो १७ आहे. गुणाकार येतो ४२,८४,०००. अंत्यविधी वगैरेंच्या रकमा आणि व्याज वेगळेच.

बेचाळीस लाख चौऱ्याऐंशी हजार! आपल्या गावात किती एकर जमीन विकली म्हणजे एवढे पैसे उभे राहतील, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरी करावा. विमा नसेल तर ही रक्कम गाडीच्या मालकाने द्यावयाची. ती त्याला देता आली नाही, तर त्या चौघांनी काय करावयाचे, हा प्रश्न तर त्याहूनही कठीण.

मृत्यू आणि शारीरिक इजा यांच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम कंपनी देते. आणि याला हप्ता किती? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी मोटारीचे इंजिन १,००० सी.सी.पर्यंत असेल तर २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सी.सी.ला ३,४१६, आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७, कर वेगळा. मधला दर घेतला तरी दिवसाला दहा रुपयांच्या आत. हे दर सरकार ठरवते, कंपन्या नव्हेत. तेव्हा थर्ड पार्टीच्या भागात घासाघीस करण्यात अर्थ नाही. एक मात्र पाहावे. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, म्हणजे कोणाची गाडी, दुकान, कुंपण यांना, खासगी मोटारीच्या विम्यात साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. किरकोळ सूट देऊन ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणलेली पॉलिसीही निघते. ती सूट घेऊ नये. आजकाल सहा हजारांत दुसऱ्याच्या गाडीचा एक दिवासुद्धा बसत नाही.

आता तो दुसरा फरक. गाडी चालवताना आपली चूक झाली आणि अपघातात आपल्याच गाडीत बसलेले लोक जखमी झाले, तर काय? शेजारी, मेव्हणा, दवाखान्यात नेत असलेली म्हातारी आत्या, सहलीला निघालेली चार शिक्षकमंडळी. समोरच्या गाडीची चूक असेल तर त्या गाडीचा विमा भरपाई देईल. पण चूक आपली असेल तर? कायद्याने जेवढे सक्तीचे तेवढेच देणाऱ्या स्वस्त थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी मोटारीतल्या या पाहुण्यांची जबाबदारी येत नाही. फुल पॉलिसीत ती येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा भेद स्पष्ट केलेला आहे. म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला संरक्षण, आणि आपल्या मांडीला मांडी लावून बसलेल्या नातलगाला नाही. ऐकायला विचित्र वाटते, पण कायदा असाच आहे.

म्हणून ‘गाडी जुनी झाली, आता थर्ड पार्टी पुरे’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. पत्र्याची किंमत उतरली हे खरे. आत बसणाऱ्या माणसांची उतरली नाही. गाडी रोज माणसे नेत-आणत असेल तर जुन्या गाडीलाही मी फुल विमाच घ्यायला सांगेन. अगदीच परवडत नसेल, तर निदान प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात विम्याची पुरवणी मिळते का ते कंपनीला विचारावे. रक्कम माणशी लाख-दोन लाखच असते, पण काही नसण्यापेक्षा बरी.

आणि खुद्द चालवणारा? मालक स्वतः चालवत असेल व त्याच्याजवळ लायसन्स असेल, तर त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ पासून ठरवून दिलेला आहे. पण नीट लक्षात घ्या, तो मालकासाठी आहे. गाडी गावाकडच्या वडिलांच्या नावावर आणि नवी मुंबईत चालवतो मुलगा, असा प्रकार घरोघरी दिसतो. मुलाला तो विमा लागू नाही. एकतर गाडी मुलाच्या नावावर करावी, नाहीतर त्याच्या नावाने अपघात विमा वेगळा घ्यावा. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठीही थोडे पैसे भरून वेगळी नोंद करता येते. तीही करावी.

आता पत्र्याकडे येऊ. फुल विम्यात गाडीची एक किंमत धरलेली असते. तिला कंपनीच्या भाषेत आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली, तर जास्तीत जास्त एवढीच रक्कम हाती येते. ती ठरवण्याची रीत अशी की, त्याच मॉडेलची आजची नव्या गाडीची किंमत घ्यावयाची आणि वयाप्रमाणे तीतून घसारा काढावयाचा. वर्ष ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांच्या पुढे मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवावयाची. नव्या गाडीची किंमत आठ लाख असेल, तर साडेचार वर्षांच्या गाडीची आयडीव्ही होते चार लाख. दुरुस्तीचा खर्च तिच्या पाऊणपट, म्हणजे तीन लाखांवर गेला, की गाडी पूर्ण नष्ट झाली असे धरतात.

हप्ता कमी दिसावा म्हणून काही एजंट ही किंमत खाली ओढतात. गिऱ्हाईक खूष होतो, कारण हजारभर रुपये वाचलेले दिसतात. गाडी चोरीला गेली म्हणजे त्याला कळते की चार लाखांची गाडी आपण तीन लाखांना लिहून दिली होती. उलट, बाजारभावापेक्षा फुगवलेली किंमतही कामाची नाही. नुसता हप्ता वाढतो.

लहान दुरुस्तीचा प्रकार निराळा. त्याच साडेचार वर्षांच्या गाडीला पुढून ठोकर बसली असे समजा. बंपर ६,०००, बॉनेट ८,०००, पुढची काच ७,०००, रंगकाम १०,०००, मजुरी ५,०००. एकूण बिल ३६,०००. कंपनी सगळे देईल काय? नाही. प्लास्टिकच्या बंपरवर निम्मा घसारा : ३,००० मिळतील. पत्र्यावर या वयाला ३५ टक्के घसारा : ५,२००. काचेवर घसारा नाही : ७,०००. रंगकामाचा चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्यातला अर्धा कापतात : ८,७५०. मजुरी पूर्ण. बेरीज २८,९५०. त्यातून दर दाव्याला मालकाने सोसावयाचे ठरलेले १,००० वजा (इंजिन १,५०० सी.सी.च्या वर असेल तर २,०००). हाती आले २७,९५०. खिशातून गेले ८,०५०. सर्व्हेअरने लबाडी केली असे म्हणून गॅरेजवाल्यासमोर भांडणारे लोक मी पाहिले आहेत. यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. हा घसारा कापू नये म्हणून जादा हप्ता भरून ‘झीरो डेप’ची पुरवणी मिळते. गाडी पहिल्या पाच वर्षांतली असेल, आणि विशेषतः चालवणारा नवशिका असेल, तर ती घ्यावी. पुढे तिचा हप्ता फार वाटू लागतो. मग सोडली तरी चालेल.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना, आणि कोकणातल्या सर्वांनाच, ज्या पुरवणीचा विचार करणे भाग आहे ती म्हणजे इंजिन संरक्षणाची. याचे कारण भूगोलात आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याची खाडी व पारसिकचा डोंगर यांच्यामधल्या पट्ट्यावर शहर वसवावयास घेतले. यातला खाडीकाठचा बराच भाग सखल, भर घातलेला. म्हणून हॉलंड देशातल्या धर्तीवर येथे पाणी साठवणारे धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची दारे मिटतात, म्हणजे खाडीचे पाणी आत येत नाही. ओहोटीला उघडतात, म्हणजे साठलेले पाणी बाहेर जाते. योजना चांगली आहे. पण ऐन भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस लागला, तर डोंगरावरून आलेले पाणी जाणार कोठे? ते काही तास सेक्टरातल्या रस्त्यांवर आणि इमारतींखाली उभ्या केलेल्या गाड्यांत थांबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्या दिवशी मुंबईपासून रायगडापर्यंत पाण्यात बुडालेल्या गाड्यांची मोजदाद करणे कठीण होते. सांगली-कोल्हापूरने २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि चिपळूणने २२ जुलै २०२१ रोजी हेच पाहिले. तेव्हा हा प्रश्न एकट्या शहराचा नव्हे.

पुराने झालेले नुकसान फुल विम्यात येते; थर्ड पार्टीत मुळीच येत नाही. पण फुल विम्यातही एक फट आहे. उभ्या गाडीत पाणी शिरले, गाद्या भिजल्या, वायरिंग गेले, हे पुराचे नुकसान झाले. त्यानंतर मालकाने चावी फिरवली. सिलिंडरात हवेऐवजी पाणी गेलेले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दट्ट्या वर येऊन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खलास. कंपनी म्हणते, हे पुराने नव्हे, तुम्ही गाडी सुरू केल्यामुळे झाले. आणि मागाहून घडलेले असे नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. इंजिनाचे बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. इंजिन संरक्षणाची पुरवणी असली म्हणजे ही फट बुजते. पुरवणी असो वा नसो, गाडी पाण्यात उभी असेल तर चावी फिरवू नये, धक्काही मारून चालू करू नये. फोटो काढावेत, कंपनीला कळवावे, आणि गाडी ओढून गॅरेजात न्यावी. माणचा किंवा जतचा श्रोता हसेल. त्याच्याकडे पाण्यासाठी नवस करावे लागतात. त्याने ही पुरवणी खुशाल वगळावी. पण गाडी जर वर्षातले सहा महिने वाशीत उभी राहत असेल तर नाही.

दावा केव्हा करू नये, हेही सांगितले पाहिजे. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी गाडीच्या नुकसानीच्या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा नो क्लेम बोनस. त्या भागाचा मूळ हप्ता ८,००० आहे व आपण ५० टक्क्यांवर पोचलो आहोत असे धरा. म्हणजे आपण ४,००० भरतो. एक दावा केला की सूट शून्यावर. पुढच्या वर्षी ८,०००, मग ६,४००, ६,०००, ५,२००, ४,४००, आणि तेव्हा कोठे पुन्हा ४,०००. मूळ हप्ता स्थिर धरला तर या पाच वर्षांत जादा गेले १०,००० रुपये. तेव्हा दाराला ओरखडा पडला म्हणून तीन हजारांचा दावा करणे म्हणजे शहाणपण नव्हे. तो खर्च आपला आपण सोसावा. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तरीही ही सूट जाते.

नव्या गाडीच्या मालकांची एक फसगत हल्ली वारंवार होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. कागदावर तीन वर्षांपुढची तारीख पाहून माणूस निर्धास्त होतो. पण गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी त्याचे नूतनीकरण केले नाही, तर आपण नकळत थर्ड पार्टीवर आलो. पॉलिसीवर दोन तारखा छापलेल्या असतात, दोन्ही वाचाव्यात.

खासगी नंबरच्या जीपने वडाप करणाऱ्यांनीही आपली पॉलिसी एकदा वाचावी. भाडे घेऊन माणसे नेण्यास खासगी विमा चालत नाही. अशा फेरीत अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीला कंपनी हात वर करील, आणि जखमींना पैसे देण्याचा हुकूम झालाच तर ते मागाहून मालकाकडून वसूल करू शकेल. चालवणाऱ्याजवळ लायसन्स नसतानाही हेच घडते. भाड्याचाच धंदा करावयाचा असेल तर परवाना काढून त्या प्रकारचा विमा घ्यावा. तो महाग पडतो, हे खरे आहे.

राहता राहिली शहरातून गावाकडे आलेली जुनी गाडी. कायद्याच्या १५७ व्या कलमाप्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाच्या नावे गेला असे मानतात. गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र तसा जात नाही. घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा त्याच्याजवळ राहतो. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. म्हणून विकणारा जर म्हणाला, ‘पन्नास टक्के सुटीची पॉलिसी गाडीबरोबर देतो’, तर त्या बोलण्यावर गाडीची किंमत वाढवून देऊ नये. आरटीओत नाव बदलण्याचा अर्ज आणि कंपनीकडे पॉलिसी बदलण्याचा अर्ज, दोन्ही एकाच दिवशी द्यावेत, आणि दोहोंची पोच आरसी बुकात घालून ठेवावी.